एसीत डोळे चुरचुरतात? ड्रॉप निवडण्यापासून नीट घालण्यापर्यंत सगळं

"हात धुऊन या आणि तुमचे ड्रॉप माझ्यासमोर घालून दाखवा." कोरड्या डोळ्यांची तक्रार घेऊन दुसऱ्यांदा आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते. डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करताना लागलेली ही सवय आहे, आणि औषध बदलायचा विचार करण्याआधी ती फार उपयोगी पडते. बहुतेक जण मान थोडीशी वर करतात, बाटली थेट बुबुळावर धरतात आणि थेंब सुटला रे सुटला की डोळा घट्ट मिटतात. थेंब पापणीच्या केसांवर आपटतो आणि गालावरून ओघळतो. मग दुसरा, मग तिसरा. एवढं करून डोळ्यात जेमतेम अर्धा थेंब गेलेला असतो, बाकी सगळं रुमालात. आणि हीच माणसं अगदी खरेपणाने सांगत असतात, "मॅडम, महिनाभर औषध नियमित घेतोय, पण गुण नाही."

दिवसभर एसीत बसणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे: बँक, आयटी कंपनी, कॉल सेंटर, सोन्याची पेढी, ऑपरेशन थिएटर. कॅनडा-अमेरिकेत हिवाळाभर हीटर लावलेल्या बंद घरांत राहणाऱ्या आपल्या माणसांनाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं.

बंद खोलीतली हवा डोळ्याचं काय करते

एसीच्या पाइपातून बाहेर टपटपणारं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते पाणी तुमच्या खोलीतल्या हवेतलंच असतं. गार कॉइलवर हवेतली वाफ साचते, थेंब होते आणि पाइपातून बाहेर जाते. म्हणूनच मुंबईत जुलैच्या पावसात बाहेर कपडे वाळत नाहीत आणि त्याच वेळी आत ऑफिसात तुमचे ओठ आणि डोळे सुकलेले असतात. परदेशातल्या हीटरचं गणित थोडं निराळं आहे. कडाक्याच्या थंडीतल्या हवेत मुळातच वाफ कमी असते. तीच हवा आत आणून तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता आणखी घसरते. विमानात तर ती २० टक्क्यांच्याही खाली जाते. नागपूरकडचा कूलर याच्या उलट, तो हवा ओलसर करतो. पण त्याचा झोत थेट तोंडावर घेऊन झोपलं तर तिथेही सकाळी डोळे चुरचुरतातच, कारण हवा वेगाने वाहिली की बाष्पीभवनही वाढतं.

आता डोळ्याकडे बघू. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा जो पडदा असतो तो मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका पातळ असतो. त्यात आतून डोळ्याला चिकटून राहणारा बुळबुळीत म्युसिन, मध्ये पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा तवंग. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं, त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. वरणावरच्या तुपाच्या तवंगासारखं ते पाण्याला झाकून ठेवतं. तेल कमी पडलं किंवा घट्ट झालं की खालचं पाणी भराभर उडून जातं. एसीत बसणाऱ्यांमध्ये जो कोरडेपणा मी बघते तो बहुतेक वेळा या प्रकारचा असतो. अश्रू तयार होतात, टिकत नाहीत.

त्यात स्क्रीनची भर पडते. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो. स्क्रीनवर डोळे लावून बसलं की हा आकडा निम्म्याहूनही खाली येतो, आणि ज्या वेळा मिटते त्यातल्या बऱ्याचशा अर्धवट असतात, म्हणजे वरची पापणी खालच्या पापणीला टेकतच नाही. मग बुबुळाच्या खालच्या भागावर नवा पडदा पसरत नाही.

एक गोष्ट लोकांना पटवून देताना मला नेहमी वेळ लागतो. "डोळ्यांतून तर पाणी वाहतंय, आणि तुम्ही कोरडे म्हणता?" हो. डोळा सुकला की तो चिडतो, आणि चिडलेला डोळा एकदम भसाभस पाणी सोडतो. त्या पाण्यात तेल आणि म्युसिनचं प्रमाण नीट नसतं, त्यामुळे ते डोळ्यावर न थांबता गालावर येतं. बाइकवर वारा लागून डोळ्यांना येणारं पाणी याच जातीचं.

कोरडेपणाच आहे ना, एवढं आधी बघा

एसीमुळे होणाऱ्या कोरडेपणाची एक चाल असते. सकाळी घरून निघताना डोळे ठीक असतात, दुपारी तीन-चारनंतर जड होतात, चुरचुरतात, आत वाळूचा कण गेल्यासारखं खुपतं. अक्षरं पुसट दिसतात आणि दोन-चारदा पापण्या मिटल्या की पुन्हा स्पष्ट होतात. रविवारी घरी असलं की बरं वाटतं. दोन्ही डोळ्यांत त्रास जवळपास सारखा असतो.

खाज हीच मुख्य तक्रार असेल, डोळे चोळावेसे वाटत असतील, सोबत शिंका असतील तर ॲलर्जीचा विचार करावा लागतो. सकाळी पापण्या पिवळट चिपडाने चिकटत असतील तर संसर्ग असू शकतो. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आणि पुढच्या गोष्टींत घरी ड्रॉप घालत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा: डोळ्यात ठणका, उजेड सहन न होणं, नजर अचानक कमी होणं, एकच डोळा लालभडक होणं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणं, डोळ्याला मार लागणं, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरताना दुखायला लागणं. डोळ्यात चुना, ॲसिड किंवा फरशी पुसायचं रसायन गेलं तर तिथल्या तिथे नळाखाली निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि मग धावायचं.

आपण घेत असलेल्या गोळ्यांकडेही एकदा बघा. सर्दीसाठी रोज रात्री घेतली जाणारी सेटिरिझिन, मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन, नैराश्यावरची काही औषधं, रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, यांनी डोळे सुकतात. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना सांगा. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा त्रास वाढतो आणि "वयामुळे होतंय" म्हणून तो अंगावर काढला जातो, हे मला फार खटकतं. चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं चुरचुरणारे डोळे घेऊन स्वयंपाक, नोकरी सगळं करत राहतात, आणि साध्या उपचाराने त्यांना बरं वाटू शकतं.

मेडिकलमध्ये काय मागायचं, काय घ्यायचं नाही

तुम्हाला हवे आहेत ते कृत्रिम अश्रू, म्हणजे डोळ्याला ओलावा देणारे ड्रॉप. बाटलीवर कंपनीचं नाव मोठं असतं आणि आतला घटक बारीक अक्षरांत. ते बारीक अक्षर वाचा. आपल्याकडे सर्वात सहज मिळतो तो कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के, मेडिकलवाले त्याला सीएमसी म्हणतात. दुसरा हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइल सेल्युलोज. तिसरा सोडियम हायलुरोनेट ०.१ टक्के किंवा त्याच्या आसपास, हा डोळ्यावर जरा जास्त वेळ टिकतो असा पुष्कळ पेशंटचा अनुभव आहे. चौथ्या प्रकारात पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल एकत्र असतात. यात अमुकच एक सगळ्यांना चांगला असं नाही. सौम्य त्रासाला ०.५ टक्के सीएमसीपासून सुरुवात करायला हरकत नाही. १ टक्क्याचे ड्रॉप आणि जेल दाट असतात, जास्त टिकतात, पण घातल्यावर काही मिनिटं धुरकट दिसतं. ते रात्रीसाठी ठेवा. तेलाचा तवंगच कमी पडतोय असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर तेलाचा अंश असलेले दुधट रंगाचे ड्रॉप मिळतात.

मग प्रश्न येतो प्रिझर्व्हेटिव्हचा. बाटली उघडल्यावर आत जंतू वाढू नयेत म्हणून त्यात परिरक्षक घालतात. बेंझाल्कोनियम क्लोराइड हा त्यातला सगळ्यात जुना, आणि वारंवार वापरला तर तो डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशींना आणि तेलाच्या तवंगाला त्रास देतो. म्हणजे कोरडेपणासाठी घातलेला ड्रॉप दिवसातून आठ वेळा पडला तर कोरडेपणा वाढवू शकतो. साधा नियम लक्षात ठेवा: दिवसातून चार वेळांपर्यंत लागणार असेल तर साधी बाटली चालते, त्याहून जास्त लागत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच ड्रॉप घ्या. ते एकावेळच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांत किंवा खास झडपेच्या बाटलीत येतात. महाग पडतात, पण त्रास रोजचा असेल तर खर्च करण्यासारखी ही जागा आहे.

आता काय घ्यायचं नाही. "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" असं म्हणून ड्रॉप आणू नका. लाली घालवणाऱ्या ड्रॉपमध्ये बहुधा नॅफाझोलिनसारखं रक्तवाहिन्या आकसवणारं औषध असतं. दहा मिनिटांत डोळा पांढराशुभ्र होतो आणि माणूस खूश होतो. औषधाचा असर उतरला की वाहिन्या पुन्हा फुगतात, आधीपेक्षा जास्त, आणि मग दर दोन तासांनी बाटलीकडे हात जायला लागतो. कोरडेपणा तिथल्या तिथेच असतो.

त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे स्टेरॉइड. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काहीही लेबलवर दिसलं तर ते डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय डोळ्यात घालायचं नाही. पुष्कळदा ही अँटिबायोटिकसोबत एकाच बाटलीत असतात, आणि गंमत अशी की घातल्यावर खरंच छान वाटतं. म्हणूनच माणूस ती पुन्हा पुन्हा आणतो. पंचविशीतला एक मुलगा मला आठवतो. कॉम्प्युटरवर काम, डोळे चुरचुरायचे. कुणीतरी दिलेली बाटली त्याला "लागू पडली" म्हणून तो दीड वर्ष चिठ्ठीशिवाय तीच आणत होता. चष्म्याचा नंबर बघायला आला तेव्हा त्याच्या डोळ्यातलं प्रेशर इतकं वाढलेलं होतं की बाजूची नजर थोडी गेलेली होती. स्टेरॉइडमुळे झालेला काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. त्याच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. म्हणून हात जोडून सांगते, घरात कुणाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची उरलेली बाटली असेल तर ती फेकून द्या, कोरडेपणासाठी वापरू नका.

बाटली उघडणं

आपल्याकडच्या बऱ्याच आयड्रॉपच्या बाटल्यांना तोंडाशी भोक पाडलेलं नसतं. झाकणाच्या आत एक प्लास्टिकचा अणकुचीदार खिळा असतो. सील काढायचं, झाकण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट होईपर्यंत फिरवायचं, खिळा आत शिरतो आणि बरोबर मापाचं भोक पडतं. मग झाकण उलट फिरवून काढायचं. आमच्या बाबांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेली बाटली सेफ्टी पिनने टोचली होती. भोक मोठं झालं, दाबलं की तीन-तीन थेंब एकदम पडायचे आणि औषध आठ दिवसांत संपलं. पिन शर्टाला लावलेली होती, त्यामुळे निर्जंतुकपणाचा प्रश्नच उरला नाही. सुदैवाने संसर्ग झाला नाही. तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटला झाकण फिरवून दाखवते.

उघडल्या दिवशी बाटलीवर पेनने तारीख लिहा. एक महिना झाला की उरलेलं औषध टाकून द्यायचं, बाटली अर्धी भरलेली असली तरी. छापलेली एक्स्पायरी ही बंद बाटलीची असते. औषध गढूळ दिसलं, आत कण तरंगताना दिसले तर वापरू नका. एकावेळची कुपी वापरत असाल तर टोक पिरगाळून तोडल्यावर पहिला थेंब बाहेर टाका, तुटलेल्या कडेचा प्लास्टिकचा कण त्यातून निघून जातो. लेबलवर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर सकाळची अर्धी कुपी दुपारसाठी ठेवू नका.

हे सगळं अती वाटत असेल तर २०२३ साली अमेरिकेत काय झालं ते ऐका. भारतातल्या एका कारखान्यात बनलेल्या कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांमधून औषधांना दाद न देणारे स्युडोमोनास जंतू पसरले. काही जणांची दृष्टी गेली, काहींचा डोळा काढावा लागला आणि चार जण दगावले. माल परत मागवण्यात आला. ती चूक कारखान्याकडची, घरच्या वापराची नव्हे. पण डोळ्यात जाणाऱ्या थेंबात जंतू असले तर काय होऊ शकतं, हे त्यातून कळतं. आपल्या हातात जे आहे ते एवढंच की बाटलीचं टोक कशालाही लागू न देणं, बाटली दुसऱ्याला न देणं आणि महिन्याने ती टाकणं.

आणखी एक. कानाचे ड्रॉप आणि डोळ्यांचे ड्रॉप एकाच डब्यात ठेवू नका. झटपट चिकटवणाऱ्या डिंकाची ट्यूबही त्याच खणात नको. संध्याकाळी चष्मा न लावता बाटली उचलली की हे आकार हाताला सारखेच लागतात.

थेंब घालायची रीत

१. साबणाने हात धुवा आणि कोरडे करा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढा. लेन्सवर चालेल असं बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ड्रॉपनंतर १५ मिनिटांनीच पुन्हा घाला.

२. खुर्चीत टेकून बसा आणि मान पूर्ण मागे टाका, किंवा सरळ आडवे व्हा. ऑफिसमध्ये आडवं होता येत नाही, पण खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकवता येतं. उभ्या उभ्या, बेसिनच्या आरशात बघत घालू नका. आरशात बघायचं म्हटलं की मान सरळच राहते.

३. डाव्या हाताच्या तर्जनीने खालची पापणी हलकेच खाली ओढा. आत गुलाबी खोबण दिसते, छोट्या खिशासारखी. थेंब तिथे पडायला हवा, बुबुळावर नाही. बुबुळ फार संवेदनशील असतं, त्यावर थेंब पडला की डोळा आपोआप मिटतो आणि औषध बाहेर फेकलं जातं.

४. नजर वर न्या, छताच्या पंख्याकडे किंवा ट्यूबलाइटकडे. उजव्या हातातली बाटली उलटी करून खोबणीच्या वर एक-दोन सेंटिमीटरवर धरा. हात थरथरत असेल तर बाटलीचा हात कपाळावर किंवा दुसऱ्या हाताच्या मुठीवर टेकवा. टोक पापणीच्या केसांना लागता कामा नये.

५. एकच थेंब सोडा. डोळ्यात एरवी जेमतेम ७ मायक्रोलिटर अश्रू असतात आणि ताणून ३० च्या आसपास मावतात. बाटलीतला एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे एका थेंबातलंच काही बाहेर येणार. दुसरा थेंब निव्वळ गालासाठी.

६. पापणी सोडा आणि डोळा अलगद मिटा, झोपल्यासारखा. गच्च आवळू नका, फडफड मिचकावू नका. दोन्हींमुळे औषध बाहेर जातं. मिनिटभर तसेच राहा आणि बोटाने नाकाशेजारचा डोळ्याचा कोपरा हलके दाबून धरा. तिथून एक नळी नाकात उतरते. काही ड्रॉप घातल्यावर घशात कडवट चव येते ती या नळीतून. कोपरा दाबला की औषध डोळ्यात जास्त थांबतं.

७. बाहेर आलेला ओघळ स्वच्छ टिश्यूने टिपा, डोळा चोळू नका. आता दुसरा डोळा. झाकण लगेच लावा.

दोन वेगवेगळी औषधं असतील तर मध्ये ५ ते १० मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. पातळ आधी, दाट नंतर, मलम सगळ्यात शेवटी.

थेंबाची भीती वाटणारे पुष्कळ आहेत, मोठी माणसंसुद्धा. त्यांच्यासाठी सोपा मार्ग: उशीवर पाठीवर झोपायचं, डोळे मिटायचे आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा. मग सावकाश डोळा उघडला की थेंब आपसूक आत घरंगळतो. त्याआधी तो कोपरा ओल्या कापसाने पुसून घ्या. वयस्कर मंडळींना थेंब आत पडला की नाही हेच कळत नाही. लेबलवर मनाई नसेल तर त्यांची बाटली फ्रिजच्या दारात ठेवा. गार थेंब पडलेला लगेच कळतो, आणि चुरचुरणाऱ्या डोळ्याला बरंही वाटतं. फ्रीझरमध्ये मात्र नको.

दिवसातून केव्हा

आग व्हायला लागल्यावर ड्रॉप घालणारे पुष्कळ असतात. मी उलट सांगते: त्रास सुरू होण्याआधी घाला. ऑफिसला पोहोचून लॅपटॉप उघडण्याआधी एक, जेवणानंतर एक, चार वाजता चहाच्या आधी एक, रात्री झोपताना एक. रात्रपाळी असेल तर हेच गणित लॉगिनच्या वेळेपासून लावा. फोनवर अलार्म लावला तर विसरणं होत नाही. दोन-तीन आठवडे हे सलग पाळा, कारण चिडलेला पृष्ठभाग शांत व्हायला वेळ लागतो, दोन दिवसांत निकाल लागत नाही. बरं वाटायला लागलं की दुपारचा थेंब कमी करून बघा.

सकाळी उठल्या उठल्या डोळे सुकलेले असतील, पापणी उघडताना ओरखडा आल्यासारखं होत असेल तर रात्री जेल किंवा मलम घाला. घरच्यांना एकदा बघायला सांगा, झोपेत तुमची पापणी किंचित उघडी राहते का. अनेकांची राहते आणि त्यांना ठाऊक नसतं. जेल घातल्यावर धुरकट दिसतं, त्यामुळे दिवे बंद करायच्या आधीचं ते शेवटचं काम असू दे.

थेंबाला हवेची साथ

झोत तोंडावर असेल तर तासाला ड्रॉप घालूनही पुरणार नाही. ऑफिसात आपल्या डोक्यावर एसीची कुठली जाळी आहे बघा. टिश्यूचा एक पदर काढून डोळ्याच्या पातळीवर धरा. तो हलला तर झोत तुमच्या डोळ्यांवर येतोय. जागा बदलून मागा, किंवा त्या जाळीची पाती वळवून घ्या. आरोग्याच्या कारणासाठी मागण्यात संकोच करायचं कारण नाही. गाडीत एसीची तोंडं पायाकडे फिरवा.

घरी तापमान २४ ते २६ वर ठेवा. २०२० पासून आपल्याकडे नवे एसी मुळातच २४ वर सेट होऊन येतात, ते १८ वर आणायची गरज नसते. हीटरच्या देशात राहत असाल तर ह्युमिडिफायर घ्या आणि सोबत एक साधा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्के पुरे, त्यावर नेलं तर भिंतींना बुरशी येते. ह्युमिडिफायरचं पाणी रोज बदला. कोपऱ्यात पाण्याचं भांडं ठेवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मोठ्या खोलीत त्याने फारसा फरक पडत नाही.

स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली घ्या. वर बघताना डोळे मोठे उघडतात, खाली बघताना अर्धे झाकलेले राहतात, आणि जेवढा भाग उघडा तेवढं पाणी उडतं. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर बघायचा नियम ठाऊक असेल. त्यात एक भर घाला: त्या वेळात दहा वेळा पूर्ण पापणी मिटा, वरची खालच्या पापणीला टेकेपर्यंत.

आणि शेक. घट्ट झालेलं तेल मोकळं करायला याच्यासारखा उपाय नाही, पण लोक तो अर्धवट करतात. रुमाल कोमट पाण्यात पिळून डोळ्यांवर ठेवला की मिनिट-दीड मिनिटात गार होतो. म्हणून दोन रुमाल आणि झाकणाचं भांडं घ्या. एक डोळ्यावर, एक पाण्यात, आलटून पालटून ५ ते १० मिनिटं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सुखद ऊब हवी, चटका नको. नंतर मिटलेल्या डोळ्यावर वरच्या पापणीवरून बोट खाली आणि खालच्या पापणीवरून वर, हलकेच, कडेच्या दिशेने. ड्रॉप शेकानंतर घाला.

गुलाबपाणी, मध, तूप, घरचं काजळ यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. आजीने प्रेमाने सांगितलेलं असतं हे मला कळतं, पण यातलं काहीच निर्जंतुक नसतं. गार पाण्याचे सपके मारून बरं वाटतं तेही पाच मिनिटं, कारण उरलासुरला तेलाचा तवंग त्या पाण्याबरोबर वाहून जातो. लेन्स घालून तर नळाचं पाणी डोळ्याला लागूच देऊ नका.

एवढं करूनही फरक नसेल तर

महिनाभर नीट थेंब, शेक आणि झोत टाळूनही डोळे तसेच राहिले, तर नेत्रतज्ज्ञांकडे कोरडेपणाची तपासणी मागा. डोळ्यात पिवळा रंग घालून पडदा किती सेकंदांत फाटतो ते बघतात. दहापेक्षा कमी असेल तर तो लवकर फाटतो असं धरतात. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते हेही मोजतात, ही शर्मर चाचणी. त्यावरून पुढचं ठरतं. काहींना सायक्लोस्पोरिनचे, म्हणजे डोळ्याच्या पृष्ठभागावरचा दाह कमी करणारे ड्रॉप लिहून देतात. त्यांचा गुण यायला काही महिने लागतात आणि सुरुवातीला झोंबतात, तेवढ्यावर ते बंद करू नका. काहींच्या डोळ्याच्या कोपऱ्यातल्या नळीला छोटं बूच बसवतात, म्हणजे असलेले अश्रू टिकतात. डोळ्यांसोबत तोंडही कोरडं पडत असेल, सुका घास पाण्याशिवाय उतरत नसेल, सांधे दुखत असतील तर ते आवर्जून सांगा, कारण श्योग्रेनसारख्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते अशा आजाराची सुरुवात अशी होऊ शकते आणि त्याला रक्ततपासणी लागते. मोतीबिंदूचं किंवा चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन ठरलं असेल तर कोरडेपणाचा त्रास आधीच सांगा, ऑपरेशननंतर तो काही काळ वाढतो.

तपासणीच्या दिवशी निघण्याआधीचे दोन तास ड्रॉप घालू नका, नाहीतर चाचणीत डोळा आहे त्यापेक्षा ओला दिसतो. घरात असलेल्या डोळ्यांच्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. आणि तपासून झाल्यावर तिथल्या माणसाला सांगा, "मी एक थेंब घालून दाखवतो, बरोबर जातोय का बघा."